कमाल क्षमता ऐंशी किलो

नंदकिशोर टिपणीसांचं वजन ही मुलुंड पूर्वेच्या स्नेहवर्धिनी सोसायटीत कधीच खासगी बाब नव्हती. ते दर वर्षी गोपाळकाल्याच्या सकाळी दहा वाजता, ढोलताशांच्या गजरात, चारही विंगांच्या समोर व्हायचं आणि मग आठवडाभर नोटीस बोर्डावर लागलेलं असायचं.

सोसायटीची ही कृष्णतुळेची प्रथा एकोणतीस वर्षांची. एका पारड्यात पितांबर नेसलेला, मोरपीस खोवलेला कृष्ण बसतो. दुसऱ्या पारड्यात प्रत्येक घरातून आणलेल्या गुळाच्या ढेपा पडत जातात. दोन्ही पारडी समान झाली की आरती होते, आणि तो गूळ भांडुपच्या टेकडीवरच्या रश्मीताईंच्या बालवाडीत जातो. तिथे दर शनिवारी त्याचे शेंगदाण्याचे लाडू वळतात. पहिल्या वर्षी कोणी कृष्ण व्हायला तयार नव्हतं, तेव्हा एकतीस वर्षांचे टिपणीस 'नावातच आहे, टाळणार कसं' म्हणून पारड्यात बसले, ते आजतागायत उठले नव्हते. पहिल्या वर्षीचा कृष्ण अठ्ठावन्न किलोचा होता. गेल्या वर्षीचा एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅमचा.

टिपणीसांनी पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत तागड्या सरळ व्हायच्या, असं ते स्वतः सांगत. दुकानदार साहेब साहेब करत, पण पाठ वळली की हुश्श करत, हेही त्यांना माहीत होतं. उभ्या आयुष्यात त्यांना बघून लोकांना आनंद व्हायचा तो वर्षातून एकच दिवस. त्या दिवशी लहान पोरं त्यांच्या पाया पडायची, बायका ओवाळायच्या, आणि ए विंगचे वाकड्या तोंडाचे चेअरमनसुद्धा 'हसा जरा देवा' म्हणून फोटो काढायचे. त्या एका सकाळच्या जोरावर टिपणीस उरलेलं वर्ष काढत. निवृत्तीनंतर तर जास्तच.

आणि नेमकी तीच सकाळ यंदा हातची जायची वेळ आली.

झालं असं, की जून महिन्याच्या मीटिंगमध्ये रेवती उठली. रेवती सोसायटीची नवी सेक्रेटरी. वय बत्तीस, पेशाने दातांची डॉक्टर, त्यामुळे समोरच्याचं तोंड उघडं असताना बोलायची सवय.

"टिपणीसकाका, सॉरी हां, पण मी सगळं सामान चेक करत होते ना, तर तराजूच्या दांडीवर लिहिलंय, कमाल क्षमता ऐंशी किलो. खाली तुमचीच सही आहे. तुमचं आत्ता वजन किती?"

"असेल ऐंशीच्या आसपास," टिपणीस म्हणाले.

"आसपास म्हणजे कुठल्या बाजूला?" तळमजल्यावरच्या माधुरीकाकूंनी विचारलं. काकूंना सगळ्यांचं भलं व्हावं असं वाटतं, आणि ते आपल्यासमोर व्हावं असंही वाटतं.

रेवतीने घरून वजनकाटा मागवला. भर मीटिंगमध्ये, चहाच्या कपासकट, टिपणीस त्र्याऐंशी किलो भरले. कप काढून घेतल्यावरही त्र्याऐंशीच.

मग ठराव झाला. गोपाळकाल्यापर्यंत टिपणीस ऐंशीच्या आत आले तर तेच कृष्ण, नाहीतर सी विंगचे सुबोध कारखानीस. सुबोध मॅरेथॉन पळतो, साठ किलो. "मला काही हौस नाहीये यार," असं तो चारदा म्हणाला. पण दुसऱ्याच दिवशी टिपणीसांच्या पत्नी शुभाताईंनी त्याला लिफ्टच्या आरशासमोर एका पायावर दुसरा पाय तिरका टाकून उभा राहिलेला पाहिला, आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

"अहो, सोपं आहे," त्या म्हणाल्या. "तीन पोळ्यांच्या दीड करा, रात्रीचा भात सोडा, आणि मिठागराच्या रस्त्यापर्यंत चालून या. अडीच महिन्यांत तीन किलो म्हणजे काय मोठंसं."

सल्ला चांगला होता, पण त्यावर काही छापलेलं नव्हतं. टिपणीसांचा आयुष्यभर विश्वास छापील गोष्टीवर. नोकरीत त्यांनी लाखभर पुडे उलटेपालटे करून वाचले असतील. ज्याच्यावर निव्वळ वजन, किंमत, तारीख आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता आहे तो माल खरा. बाकी सगळ्या अफवा. शुभाताईंच्या पोळीवर यातलं काहीच नसे.

स्टेशनाकडे जाताना कोपऱ्यावर एक मोठं फरसाणाचं दुकान आहे. तिथे डावीकडे एक अख्खं कपाट 'डाएट' म्हणून वेगळं काढलेलं. टिपणीस त्याच्यासमोर उभे राहिले आणि देवळात आल्यासारखे हरखले. डाएट चिवडा, डाएट भाकरवडी, भाजलेली शेव, रोस्टेड खाकरा, लो फॅट मठरी, शुगर फ्री पेढा, मल्टिग्रेन बिस्किटं. प्रत्येक पुडा हिरवा, प्रत्येकावर एक पान आणि धावणारी बाई. टिपणीसांनी तारखा तपासल्या, पत्ते तपासले, दोन पुड्यांचं वजन काउंटरवरच्या काट्यावर करून घेतलं. सगळं ग्रॅमला ग्रॅम बरोबर. एवढी प्रामाणिक कंपनी खोटं कशाला बोलेल, असं म्हणून त्यांनी दोन पिशव्या भरल्या.

आता यापुढे जे झालं त्यात त्यांचा हेतू शुद्धच होता, हे आधी नमूद करायला हवं.

शुभाताईंच्या हातचा चिवडा टिपणीस दोन मुठी खात आणि थांबत, कारण तिसऱ्या मुठीला शुभाताई बघत. डाएट चिवड्याला अशी काही भीती नव्हती. तो वजन कमी करण्यासाठीच केलेला. म्हणजे जितका जास्त खावा तितकं वजन जास्त कमी व्हायला हवं. इतकं टोकाचं ते स्वतःशीही बोलले नाहीत, पण हात त्याच धोरणाने चालत होता. शिवाय डाएटचं खाल्लं म्हणजे तसं काहीच खाल्लं नाही, आणि ज्याने काहीच खाल्लं नाही त्याला जेवायची भूक लागणारच. त्यामुळे चार वाजताचा पुडा संपवून ते साडेआठला तीन पोळ्यांना बसत. दिवसभर एवढा संयम पाळल्याबद्दल वर एक शुगर फ्री पेढा. एक कसला, तीन. साखर नव्हतीच ना त्यात.

"अहो, भाताचं काय ठरलं होतं?" शुभाताई विचारत.

"सकाळी ओट्स घेतले मी. त्यात भात वळता होतो."

"कोणाच्या खात्यात?"

यावर टिपणीस तिसरी पोळी वाढून घेत. मुलगा अनय एकदा म्हणाला, "बाबा, तू आधी यापेक्षा कमी खायचास रे." टिपणीसांना तो शत्रुपक्षाकडून आल्यासारखा वाटला.

पंधरा दिवसांनी वजन साडेचौऱ्याऐंशी भरलं.

दुसरा कोणी असता तर त्याने चिवड्यावर संशय घेतला असता. टिपणीसांनी काट्यावर घेतला. पस्तीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना माहीत होतं, की वजनात गडबड असली की आधी काटा धरायचा. जुन्या ओळखीतून त्यांनी वीस-वीस किलोची पाच प्रमाणित लोखंडी वजनं मिळवली आणि रिक्षात घालून आणली. रिक्षावाला म्हणाला, "साहब, बॉडी बना रहे हो?" वजनं एकेक करून दुसऱ्या मजल्यावर चढवताना त्यांच्या कमरेत उसण भरली. काटा मात्र शंभर किलोला शंभर दाखवून मोकळा झाला. उसण भरल्यामुळे दहा दिवस चालणं बंद, आणि पडल्या पडल्या खायला खाकरा होताच.

उसणीच्या निमित्ताने समाचाराला सोसायटी लोटली. माधुरीकाकू म्हणाल्या, "हे वजन नाहीच मुळी, अंगात पाणी धरलंय. कोमट पाण्यात मध घ्या." मधाच्या बाटलीवर 'ऑरगॅनिक' लिहिलं होतं, म्हणून टिपणीस चमच्याऐवजी डाव वापरू लागले. सुबोधसुद्धा आला. प्रतिस्पर्धी असून त्याने प्रोटीनच्या वड्यांचा खोका आणला, हा त्याचा मोठेपणा. "काका, एका जेवणाच्या ऐवजी एक वडी," असं त्याने बजावून सांगितलं. टिपणीसांनी 'ऐवजी' सोडून बाकी सगळं पाळलं. कोणाचाच सल्ला कोणाच्या सल्ल्याच्या आड येत नव्हता, कारण सगळे एकाच पोटात जात होते.

जुलै संपता संपता आकडा शहाऐंशीवर गेला, आणि टिपणीसांमधला निरीक्षक जागा झाला. पुड्यावर ग्राहक तक्रारीसाठी नंबर असतोच. तो असावा म्हणून त्यांनी स्वतः किती जणांना दंड केले होते. त्यांनी फोन लावला.

"तुमचा डाएट चिवडा खाऊन माझं वजन तीन किलोने वाढलंय," ते साहेबी आवाजात म्हणाले.

"सर, आपण एका वेळी किती घेता?" पलीकडच्या मुलीने गोड विचारलं.

"म्हणजे काय? पुडा."

"सर, एका पुड्यात आठ जणांचं असतं. मागे तक्त्यात दिलंय बघा, एका वेळचं पंचवीस ग्रॅम. त्यावरच्या कॅलरी त्या पंचवीस ग्रॅमच्या आहेत."

टिपणीसांनी पुडा उलटा केला. खरंच, तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता होता. त्यांनी तो आयुष्यात कधी वाचलाच नव्हता. न वाचण्याचं कारणही बेशिस्त नव्हतं, उलट शिस्त होती. वजन, किंमत, तारीख, पत्ता हा त्यांच्या खात्याचा विषय. पोषणाचा तक्ता दुसऱ्या खात्याचा. दुसऱ्या खात्याच्या कागदात नाक खुपसायचं नाही, या नियमाने पस्तीस वर्षं त्यांची नजर तक्त्यापाशी आली की आपोआप वळसा घालून पत्त्यावर जायची. त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंचवीस ग्रॅम चिवडा मोजला. वाटीच्या बुडाशी काही पोहे आणि दोन शेंगदाणे बसले होते. एवढ्यात मीठ बरोबर आहे की नाही तेसुद्धा कळलं नसतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. पुढून डाएट म्हणायचं आणि मागून आठांत वाटायचं, ही जनतेची दिशाभूल असून कारवाई व्हावी. दहा दिवसांत उत्तर आलं, हेच आश्चर्य. खाली ज्याची सही होती त्याला टिपणीसांनीच तराजू धरायला शिकवलं होतं. 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही, हे आपणांस विदित आहेच.' टिपणीसांनी ते पत्र दोनदा वाचलं. वाक्य त्यांच्याच जुन्या मसुद्यातलं होतं, आणि इतकी वर्षं ते मिळणाऱ्याला कसं वाटत असेल ते त्यांना त्या दिवशी समजलं.

गोपाळकाला आठ दिवसांवर आला तेव्हा वजन अठ्ठ्याऐंशी होतं. टिपणीसांनी सेक्रेटरीला रीतसर पत्र दिलं. 'प्रमाणित क्षमतेपेक्षा अधिक भार उपकरणावर टाकणे नियमबाह्य असल्याने मी कृष्णपदावरून मुक्त होत आहे.' मोरपिसाचा मुकुट आणि बासरी त्यांनी स्वतः सी विंगमध्ये नेऊन दिली. परत आले आणि गॅलरीत खुर्चीवर बसून राहिले. चार वाजले तरी पुडा मागितला नाही, तेव्हा शुभाताई घाबरल्या.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्या शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"एक दिवस होता गं माझा," टिपणीस म्हणाले. "आता बाहेर तरी कोण विचारतंय मला. त्या दिवशी पोरं यायची, हात लावून बघायची. आता सुबोधला लावतील."

शुभाताईंना वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्या भांडतात. "मी म्हणते, ऐंशीच का पण? तो आकडा काढला कोणी?"

"दांडीवर लिहिलंय."

"लिहिलं कोणी?"

"मी."

"मोजून?"

टिपणीसांनी समोरच्या इमारतीवरचं एक कबुतर उडून दुसरीकडे बसताना नीट पाहून घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "अंदाजे. लाकडाच्या वखारीतून तो तराजू आणला तेव्हा रंग हातात होता. काहीतरी लिहायला हवं होतं. मी अठ्ठावन्न किलोचा होतो. म्हटलं, माणूस वाढून वाढून किती वाढेल."

शुभाताई आधी हसल्या नाहीत. मग त्यांना आवरेना. "म्हणजे त्या चिवड्याच्या कंपनीतसुद्धा तुमच्यासारखाच कोणीतरी रंगाचा डबा घेऊन बसला असेल हो!"

हे टिपणीसांना फार लागलं. लागलं ते खरं असल्यामुळे. आपल्या हाताने आपण एकोणतीस वर्षांपूर्वी न तपासता एक छापील थाप मारून ठेवली, सही ठोकली, आणि तिच्यापायी उपाशी राहण्याच्या नादात अठ्ठ्याऐंशीला पोचलो. पण लागलं तसं मोकळंही वाटलं. त्या संध्याकाळी ते फक्त दीड पोळी जेवले. कुठल्याही योजनेविना, नुसते विचारात होते म्हणून.

दुसऱ्या दिवशी अनयने सोसायटीच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार गोळा केले. मांडवाच्या जागेवर तराजू टांगला गेला, दोन्हीकडे जार चढू लागले. टिपणीस हातात वही घेऊन, पुन्हा नोकरीवर असल्यासारखे, दांडी वाकते का, साखळीची कडी उघडते का ते पाहत होते. दोन्ही पारड्यांत प्रत्येकी आठ जार झाले, म्हणजे एकशे साठ किलो, तरी दांडीने हूं का चूं केलं नाही. वखारीत सागाचे ओंडके तोलणारा तराजू तो. माणसांचं त्याला काय. टिपणीसांनी जुना आकडा खरवडला आणि सुरक्षिततेसाठी दहा किलो हातचे राखून लिहिलं: कमाल क्षमता १५० किलो. खाली तारीख घातली आणि कंसात 'तपासून'.

रेवती कंबरेवर हात ठेवून बघत होती. "ओके काका. रूल बदलला तर बदलला. या वर्षी तुम्ही, पुढच्या वर्षीपासून सुबोध, चालेल?" सुबोधने मुकुट परत आणून दिला, जरा जोरात ठेवला, पण दिला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या नजरेतून सुटली. कोणी किती गूळ आणायचा याचे निरोप रेवतीने आधीच धाडले होते, आणि ते साठ किलोच्या कृष्णाच्या मापाने.

गोपाळकाल्याच्या सकाळी टिपणीस पारड्यात बसले तेव्हा ढोल वाजले, पोरांनी जल्लोष केला, आणि पारडं जमिनीला टेकलं. बायका एकामागून एक ढेपा ठेवत गेल्या. पासष्ट किलोंवर रांग संपली. कृष्ण अजून जमिनीवरच. ताशेवाले थांबले, मग उगाच पुन्हा सुरू झाले.

"पळा, घरी जे असेल ते आणा," रेवती ओरडली. चारही विंगांच्या जिन्यांवर एकच धावपळ उडाली. कोणी पुरणपोळीसाठी ठेवलेला गूळ आणला, कोणी चिक्कीचा, माधुरीकाकूंनी तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांसाठी राखलेली सेंद्रिय ढेप आणली आणि सगळ्यांना दाखवून ठेवली. एवढं करून ब्याऐंशी झाले. पारडं किंचित हललं. टिपणीस मान खाली घालून बासरीशी चाळा करत होते. सहा किलो, ते मनात म्हणत होते, अख्ख्या सोसायटीसमोर सहा किलो.

तेवढ्यात शुभाताई दोन भरलेल्या पिशव्या घेऊन जिन्यावरून उतरल्या. दोनावर एक फुकट म्हणून घेतलेले, मुकुट सी विंगमध्ये दिला त्या दिवसापासून न उघडलेले हिरवे पुडे. त्यांनी ते एकेक करून गुळावर रचायला सुरुवात केली. धावणाऱ्या बायकांची चळत लागली. आधी कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळी सोसायटी हसली.

देव मात्र पारड्यातून ओरडला, "निव्वळ वजन धरा! वेष्टन वजा करा! आणि तारीख बघा गं आधी!"

"बघितलीय," शुभाताई म्हणाल्या आणि ओट्सचा शेवटचा डबा ठेवला. टिपणीसांचे पाय जमिनीवरून सुटले. दांडी आडवी झाली, काटा मधोमध उभा राहिला, आणि एकोणतीस वर्षांत कधी झाला नव्हता एवढा गजर झाला.

आरती झाल्यावर रश्मीताई पारड्यापाशी आल्या. टेकडी चढून उतरून सुकलेली, मोजकं बोलणारी बाई. गुळाचा ढीग बघत त्या म्हणाल्या, "ब्याऐंशी किलो गूळ म्हणजे दिवाळी होऊन वर संक्रांतही निघेल."

"ते पुडे राहू द्या हां," टिपणीस ओशाळून म्हणाले. "मुलांना असलं नको."

"द्या हो. आमची मुलं काही मागचं वाचत नाहीत. खातात आणि डोंगरावर पळतात. आणि एका पुड्यात आठ जण सहज बसवते मी."

"पुढच्या वर्षी मात्र सुबोध असणार आहे," रेवतीने माहिती दिली.

रश्मीताईंनी सुबोधला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तशाच त्या बाजारात भाजी बघत असाव्यात. "हे? किती भरतील, साठ? म्हणजे माझे लाडू दिवाळीलाच बंद." मग रेवतीकडे वळल्या. "असं करू नका हो. यांनाच राहू द्या ना. मुलं यांना लाडवाचा देव म्हणतात."

कोणी ठराव मांडला नाही, पण हात वर झाले. पहिला सुबोधचा होता. टिपणीस काही बोलायला गेले, तर डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं. पोरांना वाटलं, देव रडतोय, म्हणून तीही जरा वेळ गप्प झाली आणि मग पाया पडायला धावली.

गर्दी पांगल्यावर शुभाताईंनी हात देऊन त्यांना पारड्यातून उठवलं. गुडघे दोन्ही वाजले.

"शुभा, वजन तर कमी करायलाच हवं गं," टिपणीस म्हणाले. "हे गुडघे काही ऐकत नाहीत आता."

"करू की. दीड पोळी, भात नाही, रोज चालणं."

"आणि मग पोरांचा गूळ कमी पडेल त्याचं?"

"जेवढा कमी पडेल तेवढी मी बसेन तुमच्या शेजारी," शुभाताई पदर खोचत म्हणाल्या. "दीडशेचं पारडं आहे ना?"

टिपणीसांनी दीडशेतून अठ्ठ्याऐंशी वजा केले, उरलेल्या बासष्टांकडे मनातल्या मनात पाहिलं, मग शुभाताईंकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका वजनाबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.